सुट्टीत परड्यात झुडपं आणि वेल लावायचे आहेत. आत्ता लावू की मिरगाला?

उंबरठा · ४ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

यंदा मुलांना घेऊन महिनाभर सासरच्या गावी मुक्काम आहे. दापोलीपासून आत, अर्ध्या तासावर. नवरा ठाण्यात, शनिवारी येतो, रविवारी पळतो. घरात मी, सासूबाई, अकरा आणि सात वर्षांची दोन मुलं, आणि आंबे खाऊन झाले की दर पंधरा मिनिटांनी "आई, आता काय करू?"

घरामागचं परडं मोकळं पडलंय. दोन माड, एक रायवळ आंबा, न्हाणीच्या पाण्यावर केळी आणि अळू, बस्स. आजेसासूबाईंच्या काळात इथे जाई, अबोली आणि कोरांटीची रांग होती म्हणतात. आता वाळकं गवत, चिऱ्यांचे तुकडे आणि शेजारच्या कोंबड्या आहेत. म्हटलं, मुलांकडून झुडपं आणि वेल लावून घ्यावेत, सुट्टी मार्गी लागेल.

डोक्यात आहेत ते असे: जास्वंद, मोगरा, तगर, अनंत, अबोली. वेलांत मधुमालती, गोकर्ण, जाई. भाजीसाठी तोंडली, दोडका, पडवळ.

अडचण १: जमीन जांभ्याची. वीतभर माती, खाली पहार मारली की टण्. अडचण २: विहीर तळाला गेलीय, बागेला दिवसाला चार-पाच बादल्यांपलीकडे पाणी नाही. अडचण ३: सासूबाई. काल अक्षय्य तृतीया म्हणून त्यांनी न्हाणीमागे एक आळं केलं, त्यात भोपळ्याच्या चार बिया टोचल्या आणि जाहीर केलं, "मुहूर्त झाला. बाकीचं मिरगाला." मिरग ७-८ जूनला, शाळा १५ जूनला. म्हणजे लावायची वेळ येणार आणि आम्ही बॅगा भरणार. मुलं म्हणतात आजच लावू. कोणाचं ऐकू?

खुरपं · ४ मे, रात्री ११:०५

सासूबाईंचं. सविस्तर उद्या लिहितो, इथे वीज गेलीय.

ताकभात · ४ मे, रात्री ११:३१

जांभ्यात मुलांकडून खड्डे. वाचनखूण साठवली आहे. :)

खुरपं · ५ मे, सकाळी ७:२०

मी कुडाळचा, माती तुमच्यासारखीच. त्यामुळे जरा हक्काने लिहितो.

मे महिना लावण्याचा नाही, खड्डे तापवण्याचा. झुडपांसाठी दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा घ्या. वरची वीतभर काळपट माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. ते मिसळू देऊ नका. मग खड्डा पंधरा-वीस दिवस उन्हात उघडा ठेवायचा. आतल्या किडींची अंडी, बुरशी, गवताची मुळं भाजून निघतात. मे अखेर भरायचा: तळाशी वाळका पाला, त्यावर वरची माती, दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, दोन-तीन मुठी निंबोळी पेंड. जमिनीच्या वर वीतभर उंच येईल असा भरा, पहिल्या पावसात तो खाली बसतो.

आता जांभ्याची खास गोष्ट. कातळात खणलेला खड्डा म्हणजे हौद. तुमच्याकडे पाऊस तीन-साडेतीन हजार मिलिमीटर. जुलैत त्या हौदात पाणी साठलं की मुळं कुजतात, आणि माणूस म्हणतो "एवढं पाणी मिळूनही झाड वाळलं कसं?" म्हणून खड्डा झाला की दोन बादल्या पाणी ओता (हो, विहीर तळाला गेली असली तरी). दोन तासांत उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच दिसलं तर तो खड्डा सोडा, किंवा पहारीने एका बाजूने उताराकडे चर फोडा. तेही जमत नसेल तर जमिनीवरच चिऱ्यांचं कडं करून माती चढवा आणि उंचवट्यावर लावा. अबोली आणि मोगऱ्याला तर उंचवटाच बरा.

आणखी एक, जे शहरातून आलेली माणसं हमखास चुकतात. आत्ता कोरड्यात कौलांच्या पागोळ्या कुठे पडतात ते दिसत नाही. भिंतीलगत छान जागा म्हणून झाड लावलं जातं, आणि पावसात वरून अशी धार लागते की आठवड्यात मुळं उघडी. सासूबाईंना विचारून पागोळ्यांची रेघ जमिनीवर चुन्याने मारून घ्या. झाडं त्या रेघेच्या बाहेर दोन फूट.

मुलांना एवढं काम तीन आठवडे पुरेल.

काळीमाती · ५ मे, सकाळी १०:४८

खुरपंभाऊंचं कोकणापुरतं बरोबर आहे. आमचं अकोला. इथे मेमध्ये पारा ४५ ला टेकतो, माती अशी फाटते की चप्पल अडकते. मिरगाचा भरवसा धरला तर आमच्याकडे कधी कधी जून सरतो बाप्पा.

एक सांगतो. रोपं आणायची घाई असेल तर आत्ता आणा, पण जमिनीत लावू नका. नर्सरीत ती हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात. आणल्या आणल्या उन्हात लावली तर दोन दिवसांत पानं भाजणार. आंब्याखाली पिशवीतच ठेवा, एक दिवसाआड पाणी द्या, आणि रोज थोडं थोडं सकाळचं ऊन दाखवा. महिनाभरात काटक होतात. शिवाय एखादं मरायचंच असेल तर पिशवीत मरतं, खड्डा वाया जात नाही.

घेताना पिशवीच्या बुडाशी बघा. मुळं बाहेर येऊन गोल फिरलेली असतील तर ते रोप कितीही उंच असो, ठेवून द्या. आणि लावताना पिशवी ब्लेडने उभी चिरायची. खोडाला धरून उपटायचं नाही!

निशिगंध · ५ मे, दुपारी २:१५

काळीमाती +१. हे मला कोणी दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर. महामार्गावरच्या एका नर्सरीतून मे महिन्यात अकरा रोपं घेतली, त्याच संध्याकाळी बदलापूरच्या प्लॉटवर लावली. लालभडक मातीचा गोळा, वरून तुकतुकीत पान. रोज न चुकता पाणी दिलं. जूनपर्यंत आठ मेली. उपटून बघितलं तर मातीचा गोळा आत विटेसारखा कोरडा! पाणी सगळं बाजूने निघून जात होतं.

तेव्हापासून लावण्याआधी पिशवीसकट रोप बादलीभर पाण्यात बुडवते. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर.

अवांतरकर · ५ मे, रात्री ८:५०

मे महिन्यातच काही लावायचं असेल तर बोगनवेल. तिला पाणी जास्त झालं तरच फुलं येत नाहीत, इतकी शहाणी. शिवाय ती रंगीत फुलं फुलं नसतातच, पानं असतात; खरं फूल आतलं पांढरं इवलंसं.

अवांतर: नाव पडलं ते बूगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीवरून. १७६६ ते १७६९ मध्ये तो जगप्रदक्षिणेला निघाला होता. जहाजावरच्या कोमेर्सों नावाच्या वनस्पतीतज्ज्ञाला हा वेल ब्राझीलमध्ये सापडला. त्याचा मदतनीस म्हणून पुरुषी वेषात झान बारे ही बाई जहाजावर होती. जगप्रदक्षिणा केलेली पहिली ज्ञात स्त्री तीच. तिच्या नावाचा वेल मात्र आपल्या गेटावर नाही.

उंबरठा · ७ मे, रात्री १०:०२

सगळ्यांचे आभार. बोगनवेल काट्यांमुळे बाद, धाकटा सायकल नेमकी तिथेच घालणार.

पागोळ्यांची रेघ मारली. सासूबाई एवढ्या खूश झाल्या की चुना त्यांनीच भिजवला. "हे कोणी सांगितलं तुला?" म्हणाल्या. मी म्हटलं, कुडाळचे एक भाऊ आहेत. मोबाइलवरचे आहेत हे सांगितलं नाही.

आज पहिला खड्डा. पहार मोठ्याच्या उंचीएवढी, त्यामुळे ती मी धरायची, माती त्याने घमेल्यात ओढायची आणि धाकट्याने ओतायची. वीतभर खाली लाल, टणक लागलं. पण न्हाणीच्या बाजूला सव्वा फुटावर माती एकदम मऊ, ओलसर. धाकटा हाताने उकरत होता आणि एका ढेकळाने डोळे उघडले. बेडूक! वाटोळा, मातकट, पाय पोटाशी घेऊन बसलेला. आमच्याकडे बघितलं आणि डोळे परत मिटले.

यापुढे त्या खड्ड्याचं काय होणार हे सांगायला नको. मुलांनी तो बेडकासकट बुजवला, वर कौलाचा तुकडा ठेवला, आणि मोगऱ्याची जागा तीन फूट सरकली. दोन तासांची मजुरी मातीत. खरोखर मातीत.

मिरगाची_वाट · ८ मे, सकाळी ८:३३

बेडकाला सलाम. :D पाऊस आला की सगळ्यांत आधी त्यालाच कळेल.

मुलांना "आत्ता काहीतरी उगवलेलं" हवं असतं. त्यावर उपाय: करवंट्या. नारळाच्या अर्ध्या करवंटीला डोळ्याच्या जागी भोक पाडा, माती आणि शेणखत अर्धं-अर्धं भरा. २० मेच्या सुमारास दोडका, पडवळ, काकडीच्या बिया रात्रभर भिजवून प्रत्येकी दोन टोचा. ओटीवर ठेवा, एक तांब्या पाण्यात वीस करवंट्या भिजतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तीन-चार पानांची रोपं तयार. वेलवर्गीय भाजीची मुळं दुखावलेली तिला चालत नाहीत, म्हणून करवंटी हलकेच फोडून गोळा तसाच्या तसा आळ्यात उतरवायचा. फोडायचं काम मुलांना आवडतं, जपून करू द्या.

गोकर्णही तशीच. बी कडक असतं, भिजवलं नाही तर रुसून बसतं.

आणि आजच्या आज हिरवं काही हवं तर कुंडीत चवळी पेरा. चार दिवसांत वर येते.

तोंडली मात्र बियांपासून लावू नका. तिच्यात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. बी लावलं तर काय निघेल सांगता येत नाही, कडूही निघू शकते. शेजारपाजारी जिला भरपूर तोंडली लागतात त्या वेलीचा पेन्सिलीएवढा जाड, जून तुकडा घ्या. दोन पेरं मातीत, दोन वर.

खुरपं · ८ मे, सकाळी ९:१०

चिऱ्यांचा ढीग हलवताना मुलांना हात घालू देऊ नका. मेमध्ये विंचू दगडाखालीच असतो. आधी काठीने दगड उलटा करायचा, मग हात. पायात बूट. बेडूक भेटला तो नशिबाने.

मांडवही मेमध्येच उभा करा. पाऊस लागल्यावर मेढी रोवायला कोणी मिळत नाही. बांबू असेल तर जमिनीत जाणाऱ्या टोकाला डांबर फासा, नाहीतर वाळवी दोन पावसांत खाते. माझी युक्ती: कोपऱ्यांना बांबूऐवजी उंदीरमारीचे (गिरिपुष्पाचे) मनगटाएवढे खुंट. पावसात ते फुटतात आणि मांडवाला जिवंत खांब मिळतात. पाला वेलींच्या आळ्यातच टाकायचा, उत्तम खत. फक्त वर्षातून दोनदा छाटा, नाहीतर मांडव सावलीत जाईल.

मांडवाची उंची सासूबाईंचा हात पोचेल एवढीच. तुमचा नवरा उंच असेल, पण पडवळ काढायला तो असणार नाही.

उंबरठा · ८ मे, सकाळी ९:४१

शेवटचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई हसून हसून खोकल्या.

रानमेवा · ९ मे, दुपारी १२:२०

शेणखताबरोबर सिंगल सुपर फॉस्फेट मूठभर टाका, मुळं चांगली धरतात.

शुद्धमाती · ९ मे, दुपारी १२:५५

कृपया रसायनं सुचवू नका. लहान मुलं आहेत घरात. ताजं शेण घाला, त्यासारखं काही नाही.

काळीमाती · ९ मे, दुपारी १:३०

शुद्धमाती, रसायनावर वाद घालत नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण ताजं शेण अजिबात नको! कुजताना तापतं, कोवळी मुळं जळतात. वाळवी येते ती वेगळीच. आणि उकिरड्यातल्या कच्च्या खतातून हुमणी फुकट मिळते. पांढरी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी अळी. मोगऱ्याची मुळं खाते, वरून झाड मलूल, आणि आपण पाणी वाढवत बसतो.

खत आणलं की ताडपत्रीवर पसरा. उंबरठाताईंकडे शेजारच्या कोंबड्या आहेतच, तासभर सोडा. एक अळी ठेवणार नाहीत. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी तपकिरी भुंगेरे कडुनिंबावर, बाभळीवर जमतात, ते हिचेच आईबाप. फांदी हलवून साबणाच्या पाण्यात पाडा.

शुद्धमाती · ९ मे, दुपारी १:५८

कुजलेलंच म्हणायचं होतं. घाईत लिहिलं.

एडिसनकर · १० मे, पहाटे ५:४०

न्यू जर्सीहून. धागा वाचून हेवा वाटला आणि थोडं हसूही आलं, कारण आमचं सगळं उलटं. तुम्ही पावसासाठी थांबता, आम्ही थंडी जाण्यासाठी. मेच्या मध्यापर्यंत रात्री दव गोठून रोपं काळी पडू शकतात. म्हणून दोडका, कारलं एप्रिलमध्ये खिडकीत लावायचं, मे अखेर बाहेर. मुलांची सुट्टी जूनच्या शेवटाला लागते तेव्हा वेल कुंपणावर अर्धा चढलेला असतो.

मोगरा आहे, पण कुंडीत, आणि कुंडीला चाकं. ऑक्टोबरात रात्रीचा पारा १० च्या खाली जायला लागला की स्वारी दिवाणखान्यात. हीटरच्या कोरड्या हवेत पानांवर कोळी धरतो, मग हिवाळाभर मोगऱ्याला आंघोळ. जूनमध्ये पहिली सात फुलं आली की आई देवाला चार वाहते आणि तीन उशाशी ठेवते.

आणि कृपा करून कोणी इथे येताना बॅगेत रोपं, कंद आणू नका. विमानतळावर काढून घेतात. आमच्या काकांची सोनटक्क्याची गड्डी गेली, वर व्याख्यान.

उंबरठा · १४ मे, रात्री ९:१५

आजवर नऊ खड्डे. पाण्याची परीक्षा घेतली: सात पास, दोन नापास. एका नापासाला चर फोडला. दुसऱ्यापाशी माझे हात आणि उत्साह दोन्ही संपले. तो अनंताचा. बघू.

मोठ्याने प्रत्येक खड्ड्याला वहीत नंबर दिलाय. "खड्डा ६, पाणी उतरायला ४० मिनिटं, आत एक गोम."

दरम्यान शेजारच्या काकांनी करटुलीचे तीन कंद आणून दिले. "लावा, मांडव भरून जाईल." आणि दुसऱ्या एकांनी डोंगरातून कळलावीचा कंद आणलाय, फूल फार सुंदर असतं म्हणे. दोन्ही एकाच पिशवीत ठेवलेत. लावताना काही पथ्य?

हळदकुंकू · १४ मे, रात्री ९:३०

एकाच पिशवीत???

ताई, आधी उठून ते वेगळे करा. कळलावीच्या कंदात कोल्चिसीन असतं, जीवघेणं विष. फूल खरंच अप्रतिम, लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं, पण सात वर्षांचं मूल माती उकरत असताना तो कंद परड्यात नको. डोंगरात आहे तिथे बघायला न्या, ऑगस्टमध्ये फुलते.

तसंच पिवळी कण्हेर (बिट्टी) आणि साधी कण्हेर. बिट्टीच्या बिया मुलं खेळायला घेतात, त्या हृदयावर परिणाम करतात. कुंपणाला गुंजेचा वेल असेल तर तोही काढा.

उंबरठा · १४ मे, रात्री ९:५२

काढला. गडग्यापलीकडे खोल पुरला, हात दोनदा धुतले. धन्यवाद. खरंच माहीत नव्हतं.

फोंड्याहून · १५ मे, सकाळी ७:०५

करटुलीला आम्ही फागलां म्हणतो. पथ्य एकच, पण मोठं: हिच्यातही नर-मादी वेगळे. कंद बघून कळत नाही. फळ धरलेल्या वेलीला पावसातच दोरा बांधून ठेवावा लागतो, कारण नंतर वेल वाळून जातो आणि जमिनीत काय आहे ते देव जाणे. तुमच्या काकांनी खूण केली होती का?

उंबरठा · १५ मे, सकाळी ८:४०

विचारलं. "सगळे मादीच आहेत, निर्धास्त लावा" म्हणाले.

फोंड्याहून · १५ मे, सकाळी ८:४४

हं.

पाकोळी · १८ मे, रात्री १०:१०

यादीत कडीपत्ता आणि एखादं लिंबू घाला. कडीपत्त्याची पानं खाल्लेली दिसली तर फवारणी करू नका. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी म्हणजे फुलपाखराची सुरुवात. लिंबावर ब्लू मॉर्मन अंडी घालते, २०१५ पासून ते आपलं राज्य फुलपाखरू आहे. मुलांना अळी ते फुलपाखरू घरच्या परड्यात बघायला मिळेल.

मधुमालती लावताय तर जागा दहादा विचार करून ठरवा. फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, पुढे गुलाबी, मग लाल. एकाच घोसात तिन्ही रंग, वासही गोड. पण पाच वर्षांत ती कौलांखाली शिरते, पन्हळी पानांनी तुंबवते आणि उंदरांना घरात यायला जिना होतो. घरापासून लांब, गेटच्या कमानीवर.

उंबरठा · १८ मे, रात्री १०:३५

सासूबाई म्हणतात जुनी मधुमालती याच कारणासाठी सासऱ्यांनी तोडली होती. गेटावरच लावते.

उंबरठा · ११ जून, रात्री ८:२०

आला! काल दुपारपासून आभाळ दाटलं होतं, संध्याकाळी चारला मातीचा वास आणि मग धो-धो. मुलं अंगणात. न्हाणीमागून एकच आवाज, ड्रॉंव ड्रॉंव. कौलाचा तुकडा बाजूला सरकलेला. बेडूक जागेवर नव्हता.

आज सकाळपासून लावणी. पिशव्या चिरल्या, करवंट्या फोडल्या (बाविसातल्या सतरा उगवल्या होत्या, दोन धाकट्याने फोडताना मोडल्या). जास्वंद, तगर, मोगरा, कडीपत्ता, अबोली उंचवट्यावर. अनंत त्या नापास खड्ड्यातच लावला, माती थोडी चढवली. मोगऱ्याची एक लांब फांदी जमिनीला टेकवून वर दगड ठेवला, दाब कलम म्हणून. तोंडलीची कांडी आणि तीन करटुली मांडवाच्या पायथ्याशी. आळ्यांवर नारळाची सोडणं उलटी मांडली, पावसाच्या माऱ्याने माती उडू नये म्हणून.

उद्या ठाण्याला परत. मोठ्याने वही आजीच्या हातात दिली. "आजी, रोज लिही." ती म्हणाली, "मला चष्मा लागतो रे." तरी घेतली.

खुरपं · ११ जून, रात्री ९:०१

अनंताचं काही खरं नाही. बाकी उत्तम.

मिरगाची_वाट · २० जुलै, सकाळी १०:००

काय खबर? वही चालू आहे का?

उंबरठा · २ सप्टेंबर, रात्री १०:४५

गणपतीला आलोय. आता हिशेब.

अनंत गेला. आजीच्या वहीत ९ जुलैची एकच ओळ आहे, "अनंताच्या आळ्यात पाणी, पानं पिवळी". खुरपंभाऊ, टोमणा नका मारू. अबोली चारातल्या तीन जगल्या, फुलली आहे. उद्या गौरीच्या वेणीत आमच्याच परड्यातली अबोली असणार. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आले होते, सासूबाईंनी भांड्यांच्या साबणाचं पाणी फडक्याने पुसून घालवले. तगर जोरात. मोगरा हिरवागार, फूल नाही, ते आता उन्हाळ्यात. जाई या वर्षी मिळालीच नाही. दाब दिलेल्या फांदीला मुळं फुटलीत, मोठ्याने दगड उचलून बघितलं आणि परत ठेवला. गोकर्णीच्या फुलांचा निळा चहा करून त्यात लिंबू पिळायचा खेळ दिवसातून तीनदा चालतो, लिंबं संपली. गणपतीच्या नैवेद्याला पडवळ घरचं. सासूबाईंच्या हाताला बरोबर पोचतं. भोपळा तर मांडव सोडून न्हाणीच्या छपरावर गेलाय.

तोंडलीचा वेल वर चढलाय, तोंडली अजून नाहीत.

आणि करटुली. तिन्ही वेल मांडवभर, फुलंच फुलं. फळ एक नाही.

फोंड्याहून · २ सप्टेंबर, रात्री १०:५८

हं.

फुलं संध्याकाळी उमलतात. उद्या साडेसातच्या सुमारास टॉर्च घेऊन बघा. मादी फुलाच्या मागे बारीक काटेरी करटुलं आधीच लागलेलं असतं. नर फुलाच्या देठावर नुसतं हिरवं टोपडं.

उंबरठा · ३ सप्टेंबर, रात्री ८:१२

मोठ्याने चौतीस फुलं तपासली. चौतीस टोपडी.

मग धाकट्याने गडग्यावरून पलीकडे टॉर्च मारला. काकांच्या कुंपणावर त्यांचे वेल करटुल्यांनी लगडलेत. विचारल्यावर म्हणाले, "आमच्याकडे हे तीन कधी धरलेच नाहीत, म्हटलं तुमच्याकडे जागा आहे." आणि यंदा त्यांच्याकडे कधी नव्हती एवढी फळं आहेत, कारण आमचे तिघे गडग्याच्या अलीकडून मेहनत करतायत. रोज सकाळी वाटीभर करटुली आणून देतात, त्यामुळे भांडताही येत नाही.

दापोली, मंडणगड, खेड, कुठेही कोणाकडे दोरा बांधलेला मादी कंद असेल तर कळवा. बदल्यात खात्रीचा नर कंद देईन, तपासलेला.